‘साकोकू’ला सिंधुबंदी म्हणावं का?

प्रश्न असा आहे : जपानी इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘साकोकू’ (सतराव्या शतकापासून जपानने परदेशांशी येणंजाणं आवळलं ते धोरण) हा शब्द अडला. जुन्या मराठी लेखनात त्याला कुठे ‘अलिप्ततावाद’ म्हटलंय, कुठे ‘बंद दरवाजा धोरण’. त्याऐवजी आपला ‘सिंधुबंदी’ हा आयता शब्द वापरला तर चालेल का? आणि असे जपानी शब्द मराठीत लिहावे कसे?

आधी अलिप्ततावाद निकालात काढू. हा शब्द मराठीत १९५० नंतर नेहरू, नासर, टिटोंच्या नावे लागलेला आहे. दोन गटांपैकी कुणाच्याही दावणीला न बांधता सगळ्यांशी बोलणं ठेवायचं, हा त्याचा रूढ अर्थ. सतराव्या शतकातल्या जपानला तो लावला की वाचकाची गाडी थेट आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेला जाते. ‘बंद दरवाजा’लाही खोट आहे. १८९९ मध्ये अमेरिकेने चीनबाबत जे ‘मुक्तद्वार’ धोरण पुढे केलं, त्याच्या उलट काहीतरी असावं असा भास होतो, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘विलगीकरण’ कोविडने पळवला, ‘विजनवास’ पडलेल्या पुढाऱ्यांसाठी राखीव आहे.

खरी गंमत पुढे आहे. ज्यांनी हे धोरण राबवलं त्यांना ‘साकोकू’ हा शब्दच ठाऊक नव्हता. ‘सा’ म्हणजे साखळी किंवा कुलूप, ‘कोकू’ म्हणजे देश, कुलूपबंद देश. हा शब्द घडला १८०१ साली, म्हणजे बंदीचे हुकूम निघून दीडशेच्या वर वर्षं झाल्यावर. घडवणारा शिझुकी तादाओ, नागासाकीतल्या दुभाष्यांच्या घराण्यातला. हा गृहस्थ शब्द पाडण्यात वाकबगार होता, न्यूटनचं पदार्थविज्ञान डचमधून जपानीत आणताना त्याने पाडलेले शब्द तिथली शाळकरी मुलं अजून वापरतात. एंगेलबर्ट केंफर नावाचा जर्मन डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत १६९० ते १६९२ नागासाकीला राहिला होता. त्याचा जपानवरचा ग्रंथ त्याच्या पश्चात १७२७ मध्ये लंडनला इंग्रजीत निघाला, मग डचमध्ये आला. त्याच्या परिशिष्टात, जपान्यांनी आपला देश मिटून ठेवला आहे तो बरा की वाईट, अशी चर्चा होती (केंफरचं मत, बरंच केलं). शीर्षक लांबलचक, म्हणून तादाओने ते आवळून ‘साकोकू-रोन’ (रोन म्हणजे चर्चा, निबंध) केलं. म्हणजे जपानच्या स्वभावाचं लक्षण म्हणून आपण जो शब्द सांगतो, तो एका जर्मनाने काढलेल्या सुराचा डच अनुवादावरून केलेला जपानी अनुवाद. १८५३ मध्ये अमेरिकी आरमाराच्या कमोडोर पेरीची काळी जहाजं एदोच्या (आजच्या टोकियोच्या) खाडीत शिरली, ‘काइकोकू’ म्हणजे देश खुला करण्याचा वाद पेटला आणि त्याचा जोडीदार म्हणून साकोकू घरोघरी पोचला.

मग मूळ हुकुमांत होतं काय? १६३३ ते १६३९ या सहा वर्षांत शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएमित्सूच्या काळात एकामागून एक फर्मानं निघाली. १६३५ च्या फर्मानाने जपानी माणसाला परदेशी जायला आणि गेलेल्याला परत यायला बंदी केली; मोडली तर देहदंड. तोवर शोगुनचा लाल शिक्का मिळालेली जपानी जहाजं सयाम, व्हिएतनाम, लुझोनपर्यंत जात होती, ती थांबली. १६३७-३८ मध्ये शिमाबाराचं बंड झालं, बंडखोरांत ख्रिस्ती शेतकरी पुष्कळ होते, आणि १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना कायमचा मज्जाव झाला. गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जाणारी पोर्तुगीजांची जी मोठी फेरी होती, तिचा शेवटचा टप्पा तिथे तुटला. मकावच्या व्यापाऱ्यांनी १६४० मध्ये विनवणी करायला वकिलात पाठवली. तिच्यातल्या ६१ जणांची मुंडकी उडवली आणि निरोप सांगायला १३ जणांना परत धाडलं.

एवढं झालं तरी माल थांबला नाही. १६४१ मध्ये हिरादो बंदरातली डच वखार उठवून नागासाकीच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर आणली. बेट मुळात पोर्तुगीजांसाठी भराव घालून तयार केलेलं, नागासाकीच्याच व्यापाऱ्यांच्या पैशाने. डच तिथे भाडेकरू. क्षेत्रफळ दीड हेक्टरच्या आसपास. किनाऱ्याला जोडणारा एकच पूल आणि पुलापाशी पाटी : गणिकांखेरीज बायकांना प्रवेश नाही, कोया पर्वताच्या फिरत्या साधूंखेरीज भिक्षूंना नाही, भिकाऱ्यांना नाही. कोण आत येणार याची यादी इतकी बारकाईने लिहिणारं सरकार जगाकडे पाठ करून बसलं होतं असं म्हणणं मला तरी जड जातं. डच मुखत्याराने एदोला शोगुनच्या मुजऱ्याला जायचं आणि जहाज आलं की जगभरची खबर लेखी द्यायची, हा शिरस्ता होता. चिनी व्यापार तर डचांहून मोठा. १६८९ मध्ये चिन्यांनाही कुंपणाच्या वसाहतीत नेलं. शिवाय त्सुशिमा, सात्सुमा आणि मात्सुमाए या सरदारक्यांकडून अनुक्रमे कोरिया, दक्षिणेचं र्‍युक्यू बेटांचं राज्य आणि उत्तरेचे ऐनू लोक अशी आणखी तीन दारं उघडी होती. जपानचं तांबं डच जहाजांतून गुजरात आणि कोरोमंडलच्या बाजारात येत होतं.

म्हणून काही जपानी इतिहासकार म्हणतात, साकोकू सोडा, ‘काइकिन’ म्हणा. हाच चिनीतला ‘हाइजिन’. ‘काइ’ समुद्र, ‘किन’ मनाई. कुलूप देशाला नाही, मनाई समुद्राला. आणि या शब्दाचं माहेर चीन. मिंग घराण्याच्या पहिल्याच बादशहाने खाजगी लोकांनी समुद्रावर जाऊन व्यापार करू नये अशी बंदी १३७१ पासून घातली. व्यापार करायचा तर नजराणा घेऊन आलेल्या वकिलातींच्या आडून. फळीचा तुकडाही समुद्रात जाता कामा नये, असं त्या बंदीचं वर्णन करतात. फळ्या गेल्याच. सोळाव्या शतकाच्या मध्यात ज्यांना ‘जपानी चाचे’ म्हणून झोडपलं जाई त्यांच्यात बहुसंख्य चिनीच होते. त्यांचा नामांकित म्होरक्या वांग झी जपानच्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसला होता. शेवटी १५६७ मध्ये फूज्यान प्रांतात युएगांग हे बंदर उघडलं, पण जपानशी थेट व्यापाराला मात्र मनाई राहिली. चीनला जपानी चांदी हवी, जपानला चिनी रेशीम हवं आणि दोघांनी समोरासमोर भेटायचं नाही. मध्ये १५५७ पासून मकावला बसलेल्या पोर्तुगीजांची चंगळ झाली ती यातून.

पुढे मिंगनंतर चीनच्या गादीवर आलेल्या मांचूंनी तैवानकडच्या विरोधकांची रसद तोडायला किनाऱ्यावरची गावंच आत हलवली, १६८३ मध्ये तैवान घेतल्यावर पुढच्या साली व्यापार खुला केला आणि १७५७ मध्ये युरोपियनांना कँटनपुरतं आवळलं. बंदी कधी सैल, कधी घट्ट. १७१५ मध्ये जपानने वर्षाला ३० चिनी जहाजांची मर्यादा घालून परवाने दिले. त्यांवर जपानी कालगणना होती, ती स्वीकारणं म्हणजे जपानचं वर्चस्व मानणं, म्हणून चीनमध्ये तक्रार झाली. हा तर व्यापाऱ्यांमधला शिक्का आहे, असं म्हणून कांगशी बादशहाने ती मिटवली.

आता सिंधुबंदी. शब्द देखणा आहे आणि पहिल्या नजरेला ‘काइकिन’चा शब्दशः जुळा भाऊ. पण मराठीत त्याला वेगळा इतिहास चिकटलाय. सावरकरांनी हिंदू समाजाच्या ज्या सात बेड्या मोजल्या त्यांतली ती एक. ती बंदी कलिवर्ज्याची, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींपैकी. मोडणाऱ्याला जातीने वाळीत टाकायचं आणि प्रायश्चित्त घेऊन परत घ्यायचं. तिथे हुकूम काढणारा शोगुन नाही, परवाना नाही, ठरावीक बंदर नाही. ‘जपानची सिंधुबंदी’ वाचलं की वाटेल, जपान्यांना खारं पाणी ओलांडण्याचा विटाळ होता. १६३५ पर्यंत त्यांची जहाजं व्हिएतनामला जात होती!

माझी पसंती ‘सागरबंदी’ला. संचारबंदी, जमावबंदी, दारूबंदी या शब्दांमुळे ‘-बंदी’ म्हटल्यावर सरकारी हुकूम आणि त्यासोबत येणारे परवाने आपोआप डोक्यात येतात. तेच इथे हवं आहे. मिंग, मांचू आणि तोकुगावा तिघांनाही तो चालतो. ‘दर्याबंदी’ कानाला जास्त गोड, पण त्यात तटबंदीसारखी ‘बांधणी’ची छटाही ऐकू येते. ‘साकोकू’ तसाच ठेवा, मात्र १८०१ नंतरच्या लेखनाबद्दल किंवा इतिहासकारांच्या वादाबद्दल बोलत असाल तिथेच. जपानच्या शिक्षण खात्याने २०१७ मध्ये अभ्यासक्रमाच्या मसुद्यातून तो गाळला होता. ओरड झाल्यावर महिन्याभरात परत घेतला.

जाता जाता, अनुवादात ‘डच’ऐवजी ‘वलंदेज’ वापरायचा मोह झाला तर खुशाल वापरा. आपला वलंदेज आणि जपान्यांचा ‘ओरांदा’ दोन्ही पोर्तुगीजांकडून आले. इंग्रज आणि ‘इगिरिसू’चंही तेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याच वलंदेजांना, फिरंग्यांना, इंग्रजांना वखारीसाठी समुद्रकाठी किंवा खाडीशेजारी जागा देऊ नये, द्यायची तर आत मोठ्या शहरांमध्ये द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, अशी ताकीद आहे. धाक तोच, उपाय नेमका उलटा : जपानने टोपीकरांना पाण्यात ठेवलं, अमात्य त्यांना पाण्यापासून दूर न्यायला सांगतात.

लेखनाबद्दलही विचारलं आहे. मराठीत अंत्य उकार दीर्घ, तेव्हा साकोकू, र्‍युक्यू, इएमित्सू असंच लिहावं. सामान्यरूप साकोकूचा, साकोकूच्या काळात. लिंग नपुंसक धरावं, ‘ते साकोकू’. सागरबंदी अर्थातच स्त्रीलिंगी.