बूट पार्टिशन भरले असेल तर आधी एवढेच करा

सांगलीच्या मार्केट यार्डातील आपल्या हळदीच्या पेढीवरच्या उबुंटू संगणकाने बूटमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फायलींच्या भागात, जागा नसल्याची सूचना दिली म्हणून घाबरून जाऊ नका. अपडेटबरोबर वेळोवेळी नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) येतात आणि कधीकधी जुने तिथेच साठत राहतात. बूट हे स्वतंत्र पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असल्यामुळे डाउनलोड्समधील पावत्या आणि फोटो कितीही पुसले तरी तिथे जागा होणार नाही.

प्रथम टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'युनेम -आर' (uname -r) ही आज्ञा देऊन सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहा आणि त्याचा क्रमांक सरळ कागदावर लिहून ठेवा. मग 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' (sudo apt autoremove --purge) ही नको असलेली पॅकेजे काढणारी आज्ञा चालवा. काढायच्या पॅकेजांची यादी समोर आली की होकार देण्याची घाई न करता ती सावकाश वाचा, कारण चालू कर्नल त्यात असता कामा नये आणि त्याखेरीज आणखी एक कर्नल अडीअडचणीसाठी राहिलेला बरा.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे 'आरएम' (rm) या पुसण्याच्या आज्ञेने बूटमधील फायली हातानेच उडवणे. इनिटआरडीची (initrd, कर्नल सुरू होताना लागणारी) फाईल आकाराने मोठी दिसते, त्यामुळे मोह होतो खरा. परंतु फाईल गेली तरी पॅकेजची नोंद तशीच राहते आणि पुढे घोळ होतो. पार्टिशन वाढवण्याच्या भानगडीत तूर्त पडू नका. शेवटी 'डीएफ -एच /बूट' (df -h /boot) देऊन मोकळी जागा तपासा.