राउरकेलाला एवढं मोठं हॉकी स्टेडियम कशाला?

प्रश्न : 2023 चा हॉकी वर्ल्डकप मी टीव्हीवर पूर्ण बघितला. भुवनेश्वरचं समजू शकतो, राजधानी आहे. पण ओडिशातल्याच राउरकेलासारख्या पोलाद कारखान्याच्या गावात वीस हजार लोकांचं स्टेडियम कशासाठी? मुंबई-दिल्ली सोडून तिकडे मॅच बघायला जाणार कोण?
(एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : सर, मुंबई-दिल्लीला टर्न मिळालेला आहे हो. 1982 चा वर्ल्डकप मुंबईत झाला, 2010 चा दिल्लीत. आणि जाणार कोण म्हणाल तर 13 जानेवारी 2023 ला राउरकेलाच्या याच बिरसा मुंडा स्टेडियममध्ये भारत-स्पेन मॅच होती तेव्हा पब्लिकने स्टँड गच्च भरलेले होते, आणि त्या मॅचमधला पहिला गोल मारला अमित रोहिदासने, म्हणजे त्याच जिल्ह्यातल्या, सुंदरगडच्या पोराने. आपण 2-0 जिंकलो. घरच्या लोकांसमोर वर्ल्डकपचा गोल, याहून मोठं उत्तर मी काय देणार!

राउरकेला सुंदरगड जिल्ह्यात येतं आणि या जिल्ह्यात हॉकी आज आलेली नाहीये. मुंडा, ओराँव, खडिया अशा आदिवासी समाजांच्या गावांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या खेळली जाते, बांबूच्या काठ्या तासून पोरं मोकळ्या रानात सुरू होतात, आणि गावोगावी ज्या स्पर्धा होतात त्यांना खस्सी टूर्नामेंट म्हणतात कारण जिंकणाऱ्या टीमला बक्षीस म्हणून बोकड मिळतो आणि मग संध्याकाळी सगळ्या टीमचं जेवण. दिलीप तिर्की इथलाच, जो पुढे भारताचा कॅप्टन झाला आणि 2022 मध्ये हॉकी इंडिया या देशातल्या हॉकी संघटनेचा अध्यक्ष. मुलींमध्ये सुनीता लाक्रा, दीप ग्रेस एक्का. राउरकेलातच पानपोश इथे 1985 पासून सरकारी स्पोर्ट्स हॉस्टेल आहे, त्या एका हॉस्टेलमधून किती इंटरनॅशनल प्लेयर निघाले बघितलं तर थक्क व्हायला होतं. म्हणजे खेळाडू आधीपासून होते, प्रेक्षक होते, नव्हतं ते फक्त स्टेडियम. आपल्याकडे खडकीचं उदाहरण घ्या ना, तिथल्या फॅक्टरी कॉलनीत तुटक्या स्टिकने खेळत धनराज पिल्ले घडला, सुंदरगडमध्ये तशा अख्ख्या गावांच्या रांगाच आहेत.

स्टेडियमचं म्हणाल तर साधारण 15 महिन्यांत उभं राहिलं, 5 जानेवारी 2023 ला उद्घाटन झालं आणि आठवड्याभरात वर्ल्डकप सुरू! 20,011 सीट्स आहेत, सगळे बसून बघणार अशा हॉकी स्टेडियमांमध्ये जगात सर्वात मोठं म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. वर्ल्डकपच्या 44 पैकी 20 मॅचेस इथे झाल्या, बाकीच्या भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमला, फायनलसुद्धा तिकडेच, जर्मनीने बेल्जियमला शूटआउटमध्ये हरवलं ती. आणि वर्ल्डकप संपल्यावर कुलूप लागलं असंही नाही. प्रो लीग या देशादेशांच्या टीम्समधल्या स्पर्धेच्या मॅचेस झाल्या, हॉकी इंडिया लीग परत सुरू झाली ती डिसेंबर 2024 मध्ये इथूनच. नाव धरती आबा बिरसा मुंडांचं आहे, आणि त्या मातीत ते नाव शोभतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या मातीच्या मैदानावर छान खेळते. पहिल्यांदा टर्फवर ट्रायलला गेली तर बॉल हाताखालून निघून जात होता, रडत घरी आली. टर्फवर पाणी का मारतात? आणि आमच्याजवळ टर्फ नाही तर तयारी कशी करायची?
(एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, आधी तिला सांगा की यात तिची काहीच चूक नाहीये. 1976 ला माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली तेव्हा आपली अख्खी टीम, जी गवतावर सोनं जिंकत आलेली, ती सातव्या नंबरवर गेली होती. जमीन बदलली की खेळ बदलतो.

मातीवर बॉल उड्या मारतो, दगडाला लागून वळतो, त्यामुळे पोरं थांबून, अंदाज घेऊन बॉल अडवतात. टर्फवर तो सरळ आणि झपकन येतो. तिथे आखूड धाग्यांचा गालिचा असतो, त्यावर मॅचच्या आधी आणि हाफ-टाइमला पाणी मारतात म्हणजे घर्षण कमी होतं, बॉल घसरत वेगाने जातो, उसळत कमी, आणि खेळाडू पडली तर गुडघे सोलवटत नाहीत. कोरड्या टर्फवर पडून बघा, भाजल्यासारखं होतं. पाणी मात्र दर वेळी हजारो लिटर लागतं, म्हणून आता कमी पाण्याच्या आणि बिनपाण्याच्या टर्फवर काम चाललंय, आणि दुष्काळी तालुक्यांसाठी मला तीच आशेची गोष्ट वाटते.

तयारीसाठी शाळेचा हॉल किंवा गुळगुळीत कोबा शोधा, तिथे बॉल टर्फसारखा सरळ पळतो. जुनी स्टिक वापरा कारण कोब्यावर ती झिजते. भिंतीवर बॉल मारून परत आलेला अडवायचा, रोज वीस मिनिटं, कंबरेतून वाकून, स्टिक जमिनीलगत आणि बॉल लागताना हात किंचित सैल, ताठ हाताने अडवला तर उडून जातो आणि बहुतेक तिचं तेच झालं असणार. बूट फुटबॉलचे नकोत, बारीक बारीक गोळ्यांच्या तळव्याचे टर्फ शूज घ्या. आणि जमलं तर ट्रायलच्या आधी दोन-तीन दिवस तरी जवळच्या शहरातल्या टर्फवर खेळू द्या, पुण्यात बालेवाडी आणि पिंपरीला आहेत.

प्रश्न : राउरकेलाला मॅच बघायला जायचंय, पुण्याहून कसं जाऊ?
(कॉलेजमधला एक मित्र, पुणे)

उत्तर : अरे सरळ आझाद हिंद एक्स्प्रेस पकड, पुण्याहून निघते, नागपूर-बिलासपूर करत राउरकेलाला थांबते, प्रवास एक दिवसाहून जास्त आहे तेव्हा रिझर्व्हेशन आधी कर. मुंबईहून हावडा मेलही जाते. स्टेडियम बीजू पटनायक युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसला आहे. आणि मॅचच्या तासभर आधी आत जाऊन बस, टर्फवर पाण्याचे फवारे सुटतात आणि निळं मैदान चमकायला लागतं ते टीव्हीवर कधी दाखवत नाहीत.