पावसात बीबी टिकत नाही, काय करू?

प्रश्न: नमस्कार ताई. मी भाट्याहून पूल ओलांडून रोज मिरजोळे एमआयडीसीत सायकलने जातो, पाऊस असो नसो. सायकल साधी अॅलॉय हायब्रिड आहे. गेल्या पावसाळ्यात बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात ते मधलं बेअरिंग) गेली म्हणून नवीन टाकली, आणि आता गणपतीच्या आधीच परत कट् कट् सुरू, क्रँक (पायडल ज्याला लागतं तो दांडा) हाताने धरून हलवला तर आडवा हलतोय. मेकॅनिक म्हणतो ही चौकोनी अॅक्सलवाली सिस्टीम जुनी झाली, होलोटेक (शिमानोची पोकळ अॅक्सलवाली सिस्टीम) बसवा, कायमची कटकट जाईल. थोडा खर्च झाला तरी चालेल पण दरवर्षी हे नको. काय घेऊ?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: दादा, रत्नागिरीच्या पावसात कायमचं असं काही नसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात पुलावरचं खारं वारं, म्हणजे बीबी हा तुमच्यासाठी चेन आणि ब्रेकपॅडच्या रांगेतला झिजणारा पार्ट आहे हे एकदा मान्य करून टाका, पुढचं सगळं सोपं होतं. मी बीबी निवडताना एवढंच बघते की गेली तर किती पैशात, कोणाच्या हातून आणि किती वेळात बदलून मिळेल. ह्या हिशोबात तुमची चौकोनी अॅक्सलची कार्ट्रिज (बेअरिंगसकट सीलबंद अख्खी बीबी) अजूनही पहिली येते, जुनी म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही.

कारण साधं आहे. चौकोनी अॅक्सल बारीक असतो म्हणून शेलच्या, म्हणजे बीबी बसते त्या फ्रेमच्या नळीच्या आत मोठ्या छऱ्यांना जागा उरते, आणि बेअरिंग फ्रेमच्या आत झाकलेलं राहतं. होलोटेक टू मध्ये अॅक्सल २४ मिलिमीटरचा, जाड आणि पोकळ, तो आत मावावा म्हणून बेअरिंग शेलच्या बाहेर काढलेत, म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट त्यांच्या तोंडावर. छरे बारीक, सील पातळ. वजन कमी आणि ताठपणा जास्त हे खरं, पण एमआयडीसीच्या गेटपर्यंत जायला तो ताठपणा काय करायचाय? हां, होलोटेकची एक गोष्ट मला मनापासून आवडते, खोलायला सोपी. डाव्या क्रँकचे दोन अॅलन बोल्ट ढिले केले, टोपी काढली की क्रँक हातात, पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लागत नाही. त्यामुळे उद्या तुमचा क्रँकसेटच खराब झाला आणि सगळंच नवीन घ्यायची वेळ आली तर होलोटेक घ्या, वाईट नाही, फक्त दोन कपांच्या (शेलच्या दोन टोकांना बसणाऱ्या वाट्यांच्या) मधली प्लास्टिकची नळी फेकून देऊ नका. फ्रेममधून खाली येणारं पाणी तीच अडवते, आणि काही दुकानांत ती "वजनच आहे हो" म्हणून काढून ठेवतात!

आता घ्यायचं काय. जुनी बीबी काढल्यावर तिच्यावर दोन आकडे दिसतील, शेलची रुंदी ६८ किंवा ७३, आणि अॅक्सलची लांबी, ११० पासून १२७.५ पर्यंत काहीही. तेच दोन आकडे घेऊन दुकानात जा, अंदाजाने "जवळपास" वाली आणली तर चेन पुढे तिरकी चालेल आणि गिअर नीट पडणार नाहीत. शिमानोची बीबी-यूएन३०० मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर कुठलीही सीलबंद कार्ट्रिज चालेल, एवढं बघा की दोन्ही बाजूचे कप धातूचे आहेत, काही स्वस्त कार्ट्रिजचा डावा कप प्लास्टिकचा येतो आणि तो पुढच्या वर्षी काढताना दात सोडतो. फिल वूड, ख्रिस किंग, होप वगैरे परदेशी महाग बीबी चांगल्याच आहेत, पण त्या किमतीत तुमच्या साध्या कार्ट्रिजा कितीतरी वर्ष येतील, आणि एखादा सुटा पार्ट लागला तर कुरिअरची वाट बघत बसायचं.

तुमची बीबी एका वर्षात गेली ह्याचा मला जास्त संशय बसवण्यावर आणि पाण्याच्या वाटेवर आहे. उजव्या बाजूचा, म्हणजे चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस पाईप लावून अजून आवळत जातो आणि शेवटी दात गोल करून ठेवतो. आट्यांना भरपूर ग्रीस लावायचं, अगदी बाहेर येईल एवढं, नाहीतर खाऱ्या हवेत कप आणि अॅलॉय फ्रेम एकमेकांना धरून बसतात आणि मग फ्रेमच जाते. कप ५० ते ७० न्यूटन मीटरला आवळायचे. क्रँकचा बोल्ट ३५ ते ५०, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर फूटभर लांब पान्याच्या टोकाला साधारण १२ ते १५ किलोचा जोर धरा, आणि आठ दिवस चालवून परत एकदा आवळा. डावा क्रँक ढिला आहे हे कळूनसुद्धा "घरी गेल्यावर बघू" करत चालवला तर लोखंडी अॅक्सल अॅल्युमिनियमच्या चौकोनी भोकाला खातो, ते भोक एकदा पसरलं की किती आवळा, परत ढिला होणारच, तो क्रँक भंगारात. तुमच्या केसमध्ये हे आधी तपासा हं, कारण क्रँक ढिला आहे की बीबी गेलीये हे हलवून सारखंच वाटतं. दोन्ही क्रँक एकदमच हलत असतील तर बीबी, एकच हलत असेल तर तो क्रँक. आणि कट् कट् आवाज तर पायडलच्या आट्यातून, चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चकतीच्या) बोल्टांतून, अगदी सीटपोस्टमधूनसुद्धा येतो, उभं राहून चालवल्यावर थांबला तर बीबीला दोष देऊ नका.

पाणी आत जातं कुठून? बहुतेक लोक खालून म्हणतात, पण बरंचसं वरून जातं. सीटपोस्टच्या क्लॅम्पची फट बऱ्याच सायकलींना मागच्या बाजूला असते, मागचं चाक बरोबर तिच्यात पाणी मारतं, ते सीट ट्यूबमधून उतरून बीबीच्या शेलमध्ये साचतं आणि कार्ट्रिज तिथे दिवसरात्र डुंबत बसते. जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा कापून सीटपोस्टवरून त्या फटीवर चढवा, काम झालं. शेलच्या तळाला बारीक भोक आहे का बघा, असलं तर चिखलाने बुजलेलं असेल, तारेने मोकळं करा. नसलं तर पावसाळ्यात अधूनमधून सीटपोस्ट काढून सायकल उलटी करून ठेवा, किती पाणी निघतं ते बघून तुम्हालाच धक्का बसेल.

पुढच्या मडगार्डला रबराची फ्लॅप हवीच, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर राहील एवढी लांब. जाड रबराचा तुकडा आणि दोन नटबोल्ट, बस. बीबी, चेनरिंग आणि तुमचे बूट, तिघांचं आयुष्य वाढतं, आणि माझ्या मते कुठल्याही महाग बेअरिंगपेक्षा जास्त फरक ह्या फ्लॅपने पडतो. आणि मोटरसायकलच्या सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुवून घेत असाल तर आजपासून बंद करा. रॉकेल किंवा डिझेलने बीबीच्या कडा पुसायची सवय पण सोडा, ते सीलच्या आत झिरपतं आणि ग्रीस पातळ करतं. बादली, मग, ब्रश पुरे.

क्रँकसेट बदलायचाच झाला तर चेनरिंग रिव्हेटने ठोकलेल्या नकोत, बोल्टवाल्या घ्या. ओल्या रस्त्यावर वाळू आणि जांभ्याची लाल माती चेनमध्ये बसते, दात झिजतात, आणि रिव्हेटवाला असेल तर एका रिंगसाठी अख्खा क्रँकसेट फेकावा लागतो. सगळ्यात जास्त वापराची मधली रिंग लोखंडी मिळाली तर घ्या, थोडी जड असते पण अॅलॉयपेक्षा बरीच जास्त चालते. चेन मात्र वेळेवर बदला, ०.७५ टक्के ताणली गेल्यावरही तशीच ओढलीत तर नवीन रिंगसुद्धा खाऊन टाकेल.

प्रश्न: ताई, माझी कार्बन रोडबाईक आहे, प्रेसफिट (आटे नसलेली, दाबून बसवलेली) बीबी. दर पावसाळ्यात करकर करते. सिरॅमिक बेअरिंग टाकली तर गंजणार नाहीत ना, टाकू का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नको. बाजारात सिरॅमिक म्हणून मिळतात त्यात बहुतेक वेळा फक्त छरे सिरॅमिकचे असतात, ते ज्यावर फिरतात त्या रिंगा स्टीलच्याच, त्या व्यवस्थित गंजतात. वर हलकं फिरावं म्हणून सील आणि ग्रीस दोन्ही कमी ठेवलेलं असतं, म्हणजे पावसाला दार उघडंच. आणि करकर बेअरिंगची नसतेच बहुधा, कप आणि फ्रेम ह्यांच्या मधे पाणी आणि बारीक माती शिरून दोघं एकमेकांवर घासतात त्याची असते. आधी बीबी काढून शेल स्वच्छ पुसून, वाळवून परत बसवून बघा. तरी करकरली तर दोन्ही कप आतून एकमेकांत आट्याने आवळले जातात अशी बीबी मिळते, बीबी८६ आणि पीएफ३० ह्या दोन्ही प्रेसफिट मापांसाठी, ती टाका. पुढची फ्रेम घेताना मात्र आट्याचंच शेल बघा, बीएसए किंवा टी४७ मापाचं. कंपन्याच परत आट्यांकडे वळायला लागल्यात, ह्यात सगळं आलं. आणि पाणी निघावं म्हणून कार्बनला ड्रिल मारायचा विचारही करू नका.

प्रश्न: वडिलांची काळी सायकल दुरुस्त करून पावसात बाजारापुरती वापरायची आहे. मेकॅनिक म्हणतो कॉटर पिनवालं (क्रँक पाचरीसारख्या पिनेने धरणारं) सगळं काढून टाकू. काढू का?
(एक वाचक, कणकवली)

उत्तर: अजिबात नको! ती बीबी सील नसलेली आहे, पाणी जाणारच, पण ती खोलून धुता येते हाच तिचा मोठेपणा. दोन वाट्या, एक अॅक्सल आणि पाव इंची छरे, पिंजरा नसेल तर एका बाजूला ११. पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास खोलून घ्या, वाट्यांना खड्डे पडलेत का नखाने चाचपून बघा, छरे सगळेच नवीन टाका, जुने-नवे मिसळू नका, आणि ग्रीस हात आखडता न घेता भरा. पिन काढताना मात्र क्रँकला खालून भक्कम टेकू देऊनच हातोडी मारायला सांगा, नाहीतर सगळे घाव बेअरिंग खातं. पिन वाकली तर नवीन टाकायची, त्याच मापाची. दोन्ही पिन एकमेकींच्या उलट दिशेने बसायला हव्यात, एकाच दिशेने बसवल्या तर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना लंगडल्यासारखं वाटतं.

प्रश्न: ओएलएक्सवर शिमानो अल्टेग्रा क्रँकसेट स्वस्तात मिळतोय, ११ स्पीडचा. पावसात चालवायला घ्यावा का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी मॉडेल नंबर विचारा. एफसी-६८०० किंवा एफसी-आर८००० असेल तर सांभाळून. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकची तपासणी जाहीर केली, जुलै २०१९ च्या आधी बनलेले, अमेरिका आणि कॅनडातच साडेसात लाखांवर. हे क्रँक दोन तुकडे चिकटवून बनवलेले आहेत आणि तो जोड सुटून क्रँक तुटू शकतो. क्रँकच्या मागे दोन अक्षरांचा कोड असतो, त्याचा स्पष्ट फोटो मागवा आणि कोड शिमानोच्या यादीशी ताडून बघा, आणि जोडाच्या रेषेवर फट, फुगवटा किंवा पांढरी पावडर दिसली तर सोडून द्या. विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तरी सोडून द्या. ह्या यादीत १०५ (शिमानोचाच, अल्टेग्राच्या खालचा) नव्हता, पावसासाठी वापरलेलाच घ्यायचा असेल तर मी तो बघेन.