वॉल्टर टल हा ब्रिटनचा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू होता का? त्याचं पुढे काय झालं?

पहिला नव्हे. तो मान गोलकीपर आर्थर व्हार्टनचा. १८८९ साली व्हार्टन रॉदरहॅम टाउनकडून पगारी खेळू लागला, तेव्हा टल जेमतेम वर्षाचा होता. पण ‘पहिला कोण’ या वादात टलची खरी गोष्ट मागे पडते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जन्म १८८८, केंटमधल्या फोकस्टनचा. वडील डॅनियल बार्बाडोसहून आलेले सुतार, त्यांचे वडील गुलाम होते. आई ॲलिस तिथलीच, गोरी. वॉल्टर सात वर्षांचा असताना आई गेली, नऊचा असताना वडील. सावत्र आईला एवढी पोरं सांभाळणं झेपेना, म्हणून वॉल्टर आणि थोरला एडवर्ड यांची रवानगी लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं आणि तो दंतवैद्य झाला. वॉल्टर छापखान्यात काम शिकला आणि क्लॅप्टन या हौशी क्लबकडून खेळू लागला. १९०९ साली त्या संघाने एफए अमॅच्युअर कप जिंकला.

त्याच वर्षी टॉटनहॅम या लंडनच्या व्यावसायिक क्लबने त्याला घेतलं. आठवड्याला चार पौंड पगार. कमी वाटेल, पण कितीही मोठ्या खेळाडूला त्याहून जास्त द्यायला तेव्हा बंदीच होती. टॉटनहॅमचा तो पहिल्या डिव्हिजनमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या गटातला, पहिलाच मोसम. ऑक्टोबरात ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याला रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या घातल्या की ‘फुटबॉल स्टार’च्या बातमीदाराने लिहिलं, या भाषेपुढे बिलिंग्जगेटचा मासळीबाजारही सोवळा वाटावा. त्याच बातमीत टलला मैदानावरचा सर्वोत्तम फॉरवर्ड म्हटलं होतं! तरीही लवकरच त्याला राखीव संघात ढकललं. पहिल्या संघाकडून लीगचे एकूण दहा सामने आणि दोन गोल, एवढंच त्याच्या वाट्याला आलं. माझ्या मते क्लबने त्याच्या पाठीशी उभं राहण्याऐवजी सोपी वाट धरली.

१९११ मध्ये नॉर्दम्प्टन टाउन क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला आणलं. (पुढे आर्सेनलला मोठं करणारे चॅपमन ते हेच.) इथे तो हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, म्हणून रुळला आणि शंभराहून जास्त सामने खेळला.

पहिलं महायुद्ध पेटल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या १७व्या बटालियनमध्ये भरती झाला. तिला फुटबॉल बटालियनच म्हणत. सार्जंट झाला. १९१६ मध्ये तोफांच्या भडिमाराने मनावर परिणाम होऊन इंग्लंडला परतला, बरा होऊन पुन्हा फ्रान्समधल्या सोमच्या रणात गेला.

आता कळीचा मुद्दा. लष्करी नियमपुस्तिकेप्रमाणे शुद्ध युरोपीय वंशाच्या नसलेल्याला अधिकारपद मिळत नसे. आपल्याकडेही मराठा पलटणीतल्या सुभेदाराचे केस पांढरे झाले, तरी तो कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच असायचा. असं असून ३० मे १९१७ ला टल सेकंड लेफ्टनंट झाला आणि गोऱ्या शिपायांचं नेतृत्व करू लागला. त्याच्या वरिष्ठांनीच त्याची शिफारस केली होती. अधिकाऱ्यांचा तुटवडा होता हे खरं, पण नुसत्या तुटवड्याने हा नियम वाकला असं मला वाटत नाही.

इटलीत पिआव्हे नदी रात्री ओलांडून त्याने माणसं पलीकडे नेली आणि सगळी सुखरूप परत आणली. त्याचं धैर्य आणि शांत डोकं मेजर जनरल लॉफर्ड यांनी लेखी नावाजलं.

२५ मार्च १९१८ ला जर्मनांच्या मोठ्या चढाईत फ्रान्समधल्या फाव्हरायजवळ माघार घेताना त्याला गोळी लागली. लेस्टरचा गोलकीपर टॉम बिलिंगहॅम याने गोळीबारातच त्याला मागे आणायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मृतदेह कधीच सापडला नाही, त्यामुळे कबर नाही. अरासच्या स्मारकावर नाव आहे.

मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाबद्दल विचाराल, तर त्याची शिफारस झाली होती असं बटालियनमधल्या एका अधिकाऱ्याने एडवर्डला पत्रात कळवलं होतं. पदक मात्र मिळालं नाही, आणि ते मरणोत्तर तरी द्यावं म्हणून ब्रिटनमध्ये मोहिमा झाल्या आहेत.