दिवस गणण्याविषयी : एका तरुणाला पत्र

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. तुझ्या मित्राच्या दफनाला मी आले होते. तू मागे भिंतीला टेकून उभा होतास, आणि मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा पुढे आला नाहीस, हे मी पाहिले होते. पण तेव्हा काही बोलणे मला योग्य वाटले नाही. आता तूच विचारले आहेस की, तेविसाव्या वर्षी माणूस असा निघून जाणार असेल, तर ध्येय, पाचारण, देवाची योजना ह्या शब्दांना अर्थ काय उरतो. आणि शेवटी एका ओळीत हेही लिहिले आहेस की, त्या दिवसापासून अभ्यासाला बसलास की ‘हे सगळे कशासाठी?’ असे मनात येते.

तो इतक्या लवकर का गेला, ह्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. त्याच्या आईला ‘देवाची इच्छा’ असे सांगून गप्प करू पाहणाऱ्यांचा मला त्या दिवशी रागच आला. मरण पावलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. जे अश्रू त्याने आवरले नाहीत, ते आवरायला आपण दुसऱ्यांना सांगू नये. ‘हे सगळे कशासाठी?’ ह्या तुझ्या प्रश्नाविषयी मात्र मला पुष्कळ सांगायचे आहे.

पवित्र शास्त्रातले नव्वदावे स्तोत्र तुम्हा मुलांकडून मी रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठ करून घेतले होते. ती मोशेची प्रार्थना आहे. आयुष्य सत्तर वर्षांचे, शक्ती असली तर ऐंशी, असे म्हणून झाल्यावर तो देवाकडे अधिक वर्षे मागत नाही. ‘आम्हांला आमचे दिवस असे गणण्यास शिकव’ एवढेच मागतो. ह्या गणण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. किती दिवस उरले ह्याचा अंदाज बांधणे, असा तो अर्थ नाही, कारण तो अंदाज कोणालाच बांधता येत नाही. माझी आई संध्याकाळी पिठाचा डबा उघडायची, आत पाहायची, घरात आज किती माणसे आहेत ते मनात मोजायची, आणि मगच परातीत पीठ काढायची. उद्याच्या पिठाची काळजी तिलाही होती; पण तिने त्या काळजीपायी आजच्या कोणाला उपाशी झोपवले नाही. रोजची भाकर आज दे, असे प्रभूने आपल्याला मागायला शिकवले, ते मला त्या डब्यापाशी समजले.

प्रभूचे स्वतःचे आयुष्य पाहा. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की, त्याने सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याला जेमतेम तीन वर्षे मिळाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एवढ्या थोड्या काळात त्याची घाई कोठे दिसत नाही. कफर्णहूमात रात्री दाराशी आजाऱ्यांची गर्दी झाली होती; पहाटे तो एकांतात प्रार्थनेला गेला, आणि ‘सर्व जण तुला शोधत आहेत’ असे सांगत शिष्य मागोमाग आले, तेव्हा तो त्या गर्दीकडे परतला नाही, आसपासच्या गावांकडे निघाला. उलट याईराची मुलगी मरणाच्या दारात असताना, एकेक क्षण मोलाचा असताना, तो बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या एका स्त्रीसाठी वाटेत थांबला. कोठे थांबायचे आणि कोठून निघायचे, हे त्याला लोकांच्या मागणीवरून ठरवावे लागले नाही. पित्याने कोणते काम दिले आहे, हे तो जाणत होता. म्हणूनच वधस्तंभाच्या आदल्या रात्री, गालीलात बरे न झालेले कितीतरी आजारी मागे असताना, ‘तू दिलेले काम मी पुरे केले’ असे तो प्रार्थनेत म्हणू शकला.

तो देवाचा पुत्र होता, आमचे काय, असे तू म्हणशील. म्हणून तुला केडगावची आठवण करून देते. पंडिता रमाबाईंविषयी तू पुष्कळ ऐकले आहेस. त्यांच्या मुलीविषयी, मनोरमाबाईंविषयी, आपल्या मंडळ्यांमध्येही फार कमी बोलले जाते. दुष्काळात आईवडील, पुढे भाऊ आणि 1882 साली पती असे एकेक माणूस गमावून रमाबाई तेवीस वर्षांच्या असतानाच विधवा झाल्या, तेव्हा ही मुलगी वर्षाचीही नव्हती. इंग्लंड आणि अमेरिकेत शिकलेली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झालेली ही बाई कोठेही मानाने राहू शकली असती. पण ती केडगावला आईने उभारलेल्या मुक्ती सदनात आली, दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना शिकवू लागली, तेथील अंध स्त्रियांना तिने ब्रेल लिपी शिकवली, आणि 1912 साली गुलबर्ग्याला शाळा काढण्यात आईला साथ दिली. आपल्यामागे सारा कारभार तिने पाहावा, असे रमाबाईंनी ठरवले होते. परंतु 24 जुलै 1921 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाईच आधी गेल्या.

एखादी अंध बाई पहिल्यांदा आपली बोटे कागदावरच्या उंचवट्यांवर फिरवत वचनाची एक ओळ स्वतः वाचते, ते दृश्य मी अनेकदा डोळ्यांपुढे आणते. त्या बाईच्या दृष्टीने मनोरमाबाईंचे आयुष्य अपुरे होते काय? आणि रमाबाईंनी मुलीला मूठमाती दिल्यानंतर काय केले? मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी बरीच वर्षे चालवले होते. ते त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी, मुलीमागून नऊ महिन्यांच्या आत, त्याही प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून झाले ते 1924 साली, म्हणजे ते ग्रंथरूपात पाहायला दोघींपैकी कोणीच नव्हते. पौलाने करिंथकरांना ‘प्रभूमध्ये आपले श्रम व्यर्थ नाहीत’ असे लिहिले, ते पुनरुत्थानाविषयीच्या प्रदीर्घ विवेचनानंतर. कबर ही शेवटची गोष्ट असती, तर अर्धवट राहिलेले काम अर्धवटच राहिले असते. ती शेवटची नाही, म्हणून आपल्याला आपला वाटा करून बाजूला होता येते.

आता माझी एक गोष्ट, जी मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. मी तुझ्या वयाची असताना आमच्या गल्लीत एक निवृत्त पाळकसाहेब राहत. त्यांची दृष्टी जात चालली होती, आणि संध्याकाळी थोडा वेळ येऊन एखादा अध्याय वाचून दाखवशील का, असे त्यांनी मला विचारले होते. माझी डी. एड्.ची परीक्षा होती. ती झाली की येते, असे मी म्हणाले. परीक्षेनंतर बहिणीचे लग्न निघाले, मग नोकरीची खटपट सुरू झाली. त्या वर्षी मी मंडळीच्या प्रत्येक तरुण मेळाव्यात ‘प्रभू, माझा उपयोग कर’ अशी प्रार्थना मोठ्याने केली. पाळकसाहेब पावसाळ्यात वारले. त्यांच्या खाटेजवळच्या शास्त्रात खूण म्हणून जुने पाकीट घातलेले होते, आणि ते मी शेवटचे वाचून दाखवले त्याच पानावर होते. मी त्यांच्याकडे एकदाच गेले होते.

म्हणून तुला सांगते, अभ्यास सोडू नकोस. शास्त्रातल्या आपल्या पत्रात याकोब आपल्या सर्वांच्या जीवनाला थोडा वेळ दिसून नाहीशी होणारी वाफ म्हणतो, पण बेत करूच नयेत असे सांगत नाही. ‘प्रभूची इच्छा असली तर’ हे शब्द त्यात घालायला सांगतो. तुझी परीक्षा हेही देवाने दिलेले काम असू शकते, आणि ते तू मन लावून कर. मात्र परीक्षा झाल्यावर जगायला सुरुवात करीन, असे मनाशी धरू नकोस. रोज पहाटे, पुस्तक उघडण्याआधी, आज माझ्याकडून कोणाला काय पोहोचायचे आहे एवढे प्रभूला विचार, आणि जे नाव मनात येईल त्याच्याकडे दुपारच्या आत जा किंवा फोन कर.

तुझ्या मित्राची गीतांची वही तुझ्याकडेच राहिली आहे, असे तू पत्रात ओझरते लिहिले आहेस. त्याच्या आईकडे ती अजून पोहोचलेली नाही. ह्या शनिवारी ती घेऊन जा, हवे तर मीही बरोबर येते. काय बोलावे ते सुचले नाही तर त्याच वहीतले एखादे गीत तिला वाचून दाखव, आणि मग तिला बोलू दे. ती कशी आहे, रात्री झोपते का, तेवढे मला रविवारी उपासनेनंतर सांग.

तुझी,
शब्बाथ शाळेची बाई