सार्कचं, म्हणजे दक्षिण आशियातल्या 8 देशांच्या संघटनेचं, युरोपियन युनियन का झालं नाही? सार्वभौमत्व आड आलं का?

आलं, पण टीव्हीवर सांगतात तसं नाही. ‘पाकिस्तान आहे तोवर काही होणार नाही’ हे ऐकून कान किटले.

घोडं पेंड खातं ते मतांच्या हिशेबात. युरोपियन युनियनच्या ब्रसेल्समधल्या मंत्रिपरिषदेत बहुतेक कायद्यांना 55 टक्के देश (27 पैकी 15) आणि 65 टक्के लोकसंख्या लागते. लोकसंख्येच्या जोरावर अडवायचं तर विरोधात किमान 4 देश हवेत. सर्वांत मोठा जर्मनी, तोही एकूण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून कमीच.

आता हेच सार्कच्या 8 देशांना लावा. 55 टक्के म्हणजे 5 देश. लोकसंख्येत एकटा भारत 70 टक्क्यांच्या पुढे, त्यामुळे बाकीचे सातही मिळून 65 गाठत नाहीत. दिल्ली नाही म्हणाली की ठराव पडला. हा नकाराधिकार नको म्हणून 4 देशांची अट ठेवली, तर सात शेजारी मिळून भारताला मतदानात हरवतील. पहिल्या नियमावर काठमांडू सही करणार नाही, दुसऱ्यावर दिल्ली. 1985 च्या सनदेत म्हणून सगळंच एकमतावर आहे, आणि द्विपक्षीय वाद चर्चेला घ्यायचेच नाहीत. 2014 नंतर शिखर परिषदच झालेली नाही.

बरं, पाकिस्तान वगळून पाहिलं. 15 जून 2015 ला थिम्फूत भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ यांचा मोटार वाहन करार झाला. पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोलहून निघालेला भारतीय ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलच्या यार्डात रिकामा होतो, हमाल तोच माल बांगलादेशी ट्रकमध्ये चढवतात. हा दुहेरी खर्च वाचणार होता. पण भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने 2016 मध्ये करार फेटाळला. 8 लाखांच्या आतला देश. बाहेरचे ट्रक किती येणार, स्थानिक वाहतूकदारांनी खायचं काय, हे प्रश्न रास्तच होते. पुढे भूतानने बाकी तिघांना खुशाल पुढे जा म्हटलं, तरी मालवाहतुकीच्या नियमावलीचा घोळ संपेना.

तेव्हा समान चलनाच्या गप्पा सोडा. आधी ट्रकांना वर्षाला किती परवाने ते ठरवा, कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावा, दोन्हीकडे चालणारा विमा काढा, ॲक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) भाराची मर्यादा एक करा. ट्रान्झिटमधला, म्हणजे एका देशातून पार होऊन दुसरीकडे जाणारा, माल वाटेतच विकला गेला तर सीमाशुल्क कोण भरणार? त्यासाठी बँक हमी आधी घ्या, नाहीतर पहिल्याच घोटाळ्यात करार बुडतो. युरोपानेही 1951 मध्ये सहा देशांच्या कोळसा-पोलादापासूनच सुरुवात केली.

आणि ‘करार केला म्हणजे देश विकला’ म्हणणारे नेहमीचे यशस्वी: ब्रिटनने युरोपियन युनियनला मार्च 2017 मध्ये नोटीस दिली आणि 31 जानेवारी 2020 ला तो बाहेर पडला. कोणी रणगाडे पाठवले नाहीत. हाल झाले ते ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला माल पाठवणाऱ्यांचे. देश तोच, तरी कागदपत्रं वाढली.

अर्थात करप्रणाली, परराष्ट्र धोरण आणि नवे सदस्य घेणं यांवर युरोपातही एकमतच लागतं. तिथेही एखादा छोटा देश सगळ्यांना ताटकळत ठेवतोच.