नाणं घडवायचं असेल तर आधी उठाव शिकावा लागतो

तुमची मुलगी बारावीत आहे, मातीत तिचा हात चांगला आहे आणि तिला नाणी व सार्वजनिक स्मारकं घडवणारी शिल्पकार व्हायचंय. तुम्ही विचारता, यावर घर चालेल का? आणि आता सगळं संगणकावर होतं, तर मातीकाम शिकायचं कशाला?

फक्त नाण्यांवर घर चालत नाही. टांकसाळींना शिल्पकार मोजकेच लागतात, आणि बाहेरून मागवलेलं काम बहुधा स्पर्धेतून मिळतं. उत्पन्न येतं ते पदकं, व्यक्तिशिल्पं, भित्तिशिल्पं आणि स्मारकांतून. अमेरिकन शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी बोस्टनचं शॉ स्मारक (१८९७) घडवलं आणि अमेरिकेचं २० डॉलरचं सोन्याचं नाणंही (१९०७). त्या नाण्याचा मूळ उठाव, म्हणजे चित्र सपाट पृष्ठभागापासून जितकं वर येतं ती उंची, इतका होता की एका ठोक्यात तो उमटेना; चलनासाठी तो कमी करावा लागला.

मातीकाम हवं ते इथेच. मातीतल्या २० सेंटिमीटरच्या नमुन्यावरचा २ मिलिमीटर उठाव, नमुना लहान केल्यावर, अडीच सेंटिमीटरच्या नाण्यावर पाव मिलिमीटर उरतो. तेवढ्यात गाल, कान, केस यांची खोली दाखवायची असते. नाण्याची कड चित्राहून उंच हवी, नाहीतर नाणी एकावर एक नीट बसत नाहीत आणि चेहरा आधी झिजतो. उठावाच्या बाजू किंचित तिरप्या हव्यात. आत वळलेली कडा नाणं उमटवणाऱ्या ठशातून सुटत नाही. दोन्ही बाजूंचे उंच भाग पाठीला पाठ लावून आले, तर धातू पुरत नाही आणि चित्र अर्धवट उठतं. अमेरिकन शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांच्या १९१३ च्या पाच सेंटच्या नाण्यावर साल उंच जागी होतं, म्हणून वापरात ते झिजून जाई. संगणकावर शिल्प करणं तिने जरूर शिकावं, पण पडद्यावर मोठं करून कोरलेले बारकावे नाण्याच्या मापात दिसेनासे होतात. हे आधी हाताला कळलेलं बरं.

पदवीला शिल्पकला हाच मुख्य विषय घ्यावा. प्रवेशापूर्वी तिच्याकडून एक काम करून घ्या: २० सेंटिमीटरच्या गोल पाटीवर एका बाजूने दिसणारा चेहरा, उठाव जास्तीत जास्त २ मिलिमीटर, कडेने अक्षरं. त्याचा प्लास्टरमध्ये साचा घ्यावा, एका बाजूने उजेड टाकून फोटो काढावा आणि तो अडीच सेंटिमीटरवर छापून बघावा. चेहरा ओळखू आला नाही तर उठाव वाढवू नये. मोठे आकार स्पष्ट करावेत, बारकावे कमी करावेत. असे पाच-सहा नमुने आणि भरपूर रेखाटनं प्रवेशाच्या वेळी खूप उपयोगी पडतात.

स्मारकाचं गणित वेगळं. ओतल्यावर ब्राँझ सुमारे दीड टक्का आकसतं; तीन मीटरच्या पुतळ्यात ते साडेचार सेंटिमीटर होतात, म्हणून मूळ नमुना तेवढा मोठा करावा लागतो. पुतळा आतून पोकळ असतो. आत साध्या लोखंडाचा सांगाडा ठेवला तर तो ब्राँझला लागून लवकर गंजतो, म्हणून स्टेनलेस स्टील वापरतात आणि तळाशी पाणी निघायला भोकं ठेवतात. पदवीनंतर एखाद-दोन वर्षं तिने ओतशाळेत काढावीत. मेणाचे थर, साचा, जोडकाम, रंगछटा हे वर्गात पुरेसं हाताखालून जात नाही.

पैसे बुडतात ते बहुधा करारात. नमुना मंजूर, माती मंजूर, ओतकाम पूर्ण, उभारणी, अशा टप्प्यांनी पैसे मागावेत. मातीतलं काम लेखी मंजूर झाल्यावर काम देणाऱ्या समितीने बदल सुचवले तर त्याचा खर्च वेगळा, हे कलम पहिल्या करारापासून असू द्या.